मलाक्का, क्वालालंपूर, पेनांग: खाण्याच्या वेळा धरून मलेशिया फिरायचा कसा

आपल्याकडून मलेशियाला जाणाऱ्या सहलींचा मार्ग बहुतेक ठरलेला असतो. क्वालालंपूरचे जुळे मनोरे, बाटू केव्ह्ज, गेंटिंगचा डोंगर, आणि मग बस थेट सिंगापूरला. संध्याकाळी भारतीय जेवण. या धावपळीत मलाक्का आणि पेनांग बेटावरचं जॉर्ज टाउन ही दोन शहरं राहून जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण या देशाची चव खरी तिथेच कळते. २००८ साली युनेस्कोने ही दोन शहरं एकत्रच जागतिक वारसा यादीत घेतली. दोन्ही मलाक्काच्या सामुद्रधुनीवरची जुनी बंदरं. गुजराती, तमिळ, अरब व्यापारी नैऋत्य वाऱ्यांवर इकडे यायचे, चिनी जहाजं ईशान्य वाऱ्यांवर खाली उतरायची, आणि वारा फिरेपर्यंत सगळ्यांना इथेच थांबावं लागायचं. महिनोन्‌महिने थांबलेली माणसं इथे घरं करून राहिली, लग्नं झाली, चुली मिसळल्या. आज तिथल्या एका ताटात चिंच, नारळ, सोयाबीन आणि वाळवलेली कोळंबी एकत्र दिसते ती त्यामुळे.

हा लेख या दोन शहरांसाठी आहे. क्वालालंपूर वाटेत लागतं म्हणून त्याचाही भाग घेतला आहे. सगळ्याचं सूत्र एकच: आधी कुठल्या पदार्थाची वेळ कुठली ते लिहून काढा, आणि देवळं, किल्ले, संग्रहालयं मधल्या वेळात बसवा. आपण नेमकं उलट करतो. दिवसभर 'पॉइंट' करतो आणि भूक लागली की समोर दिसेल तिथे बसतो. मलेशियात त्याने नुकसान होतं. इथला चांगला ठेला म्हणजे एक कुटुंब, एक पदार्थ आणि दिवसाचे चार-पाच तास. सकाळचा ठेला अकरापर्यंत आवरतो, रात्रीच्या नूडल्सची गाडी सहाशिवाय लागत नाही, आणि दुपारी तीन वाजता उन्हात उभं राहिलात तर दोन्ही बंद.

वार आधी ठरवा, तारीख नंतर

आठ रात्री मिळाल्या तर वाटणी अशी करा: मलाक्का दोन, क्वालालंपूर दोन, पेनांग चार. सहाच मिळत असतील तर क्वालालंपूरची एक आणि पेनांगची एक कमी करा, मलाक्काच्या दोन ठेवा.

मलाक्कातला जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार फक्त शुक्रवार, शनिवार आणि रविवारी भरतो. त्याच रात्री सिंगापूर आणि क्वालालंपूरहून गर्दी येते आणि हॉटेलं महाग होतात. रविवारी दुपारी पोहोचावं हे उत्तम. बाजार मिळतो, पाहुणे परतायला लागलेले असतात आणि खोल्यांचे दर उतरतात. क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांत वर जायचं असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतात. पेनांगला अनेक ठेल्यांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारी असते. म्हणूनच तिथे चार रात्री म्हणतो, म्हणजे आज बंद असलेलं उद्या मिळतं.

महिन्याचं म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा पश्चिम किनाऱ्यावर त्यातल्या त्यात कोरडा काळ. सप्टेंबर ते नोव्हेंबर पेनांगला चांगला पाऊस असतो. पण तो बहुतेकदा दुपारनंतर कोसळून जातो, सकाळ मोकळी मिळते. चिनी नववर्षाच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. चिनी ठेलेवाले घरी असतात आणि निम्मं शहर बंद. रमजानमध्ये मलय खानावळी दिवसा बंद राहतात, पण संध्याकाळी जागोजागी रमजान बाजार लागतात. ते पाहण्यासाठी मुद्दाम तो महिना निवडला तरी चालेल. तैपूसम हा मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा सण जानेवारी-फेब्रुवारीत येतो. बाटू केव्ह्जची लाखोंची गर्दी सोसणार असाल तरच त्या दिवशी क्वालालंपूरमध्ये राहा.

ड्युरियन खायची इच्छा असेल तर जून ते ऑगस्ट. पेनांगच्या मागच्या अंगाला बालिक पुलाऊला बागा आहेत. उग्र वासामुळे हे फळ हॉटेलच्या खोलीत नेऊ देत नाहीत, बागेत किंवा रस्त्यावरच खाऊन मोकळं व्हायचं.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर २०२३ पासून आहे आणि ती २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. निघण्याआधी मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावर, आणि फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे. परतीचं तिकीट आणि हॉटेलची बुकिंगं कागदावर छापून जवळ ठेवा, काउंटरवर विचारतात.

एक रिंगिट म्हणजे वीस रुपयांच्या थोडं वर. ठेल्यावरची नूडल्सची थाळी सात ते दहा रिंगिटला, कॉफी दोन-अडीचला. ठेल्यांवर रोख लागते आणि तीही सुटी. पन्नासची नोट पुढे केलीत की ठेलेवाल्याची पंचाईत होते, म्हणून एक, पाच आणि दहाच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. हॉटेलात परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर वेगळा घेतात, खोली बुक करताना तो बहुधा धरलेला नसतो. फिरायला ग्रॅब हे टॅक्सी बोलवायचं ॲप घेऊन ठेवा. प्लगला इंग्लंडसारख्या चौकोनी तीन पिना असतात, ॲडॉप्टर इथूनच न्या. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुंबईहून रात्री निघून पहाटे उतरणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. तुमच्या पोटाचे पहाटेचे साडेचार असतात तेव्हा तिथे न्याहारीची वेळ झालेली असते.

पहिला मुक्काम मलाक्का

क्वालालंपूरच्या विमानतळावर उतरलात की शहरात जाऊच नका. विमानतळावरूनच मलाक्का सेंट्रल बसस्थानकाला थेट बस आहे, साधारण दोन तासांची. तिथून जुन्या शहरात ग्रॅबने जा. राहायला नदीच्या पश्चिमेची बाजू बघा, जोंकर स्ट्रीट, हीरेन स्ट्रीट किंवा त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या. सगळं पायी होतं.

पहिल्या संध्याकाळी रात्रबाजारात पोट भरून जेवू नका. थोडं थोडं चाखत चला. एक वाटी चेंडोल घ्याच: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, पांदानच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या शेवया, राजमा, आणि वरून गुला मेलाका म्हणजे नारळाच्या झाडाच्या रसापासून केलेला काळसर गूळ. या गुळाला जो धुरकट वास असतो, तो याच गावचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत सेंट पॉल टेकडीवर चढा. नऊनंतर ऊन चढतं आणि बसगाड्या येतात. गोव्याशी नातं असलेल्या कुणालाही ही जागा थांबवून ठेवील. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कने १५११ मध्ये मलाक्का घेतलं. टेकडीवरच्या जुन्या चर्चच्या आज चार भिंतीच उभ्या आहेत. आत जमिनीत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर निधन झालं, तेव्हा त्यांचा देह १५५३ मध्ये काही महिने इथे पुरला होता, आणि मग तो गोव्याला नेला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकात जे दर्शन घेतो, त्या प्रवासाचा मधला मुक्काम हा. बाहेर १९५२ साली उभारलेला झेवियरचा पुतळा आहे आणि त्याला उजवा हात नाही. झाड पडून तो तुटला असं सांगतात. झेवियरच्या देहाचाही उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला नेलेला आहे. भिंतींना टेकवून ठेवलेल्या मोठ्या शिळा म्हणजे पोर्तुगीज आणि डचांची थडगी. त्यांवरची कोरीव अक्षरं तिरप्या सकाळच्या उन्हात नीट वाचता येतात.

टेकडीवरून पलीकडे उतरलं की आ फामोसा किल्ल्याचा उरलेला एकमेव दरवाजा. १८०७ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला सुरुंग लावून पाडायला घेतला होता, स्टॅमफर्ड रॅफल्सच्या रदबदलीने एवढा तुकडा वाचला. खाली डच चौकात १७५३ चं लाल क्राइस्ट चर्च. इथे रंगीबेरंगी सायकलरिक्षा मोठ्या आवाजात गाणी लावून उभ्या असतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना बसवा.

दहाच्या सुमारास नदी ओलांडून परत या आणि सोनारांच्या गल्लीत, जालान तुकांग एमासला जा. या एका रस्त्याच्या टप्प्यात १७८१ चं पोय्याथा विनायगर देऊळ, १७४८ ची कांपुंग क्लिंग मशीद आणि सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देऊळ आहे. गणपतीचं देऊळ इथल्या चिट्टी समाजाचं. हे मूळचे तमिळ हिंदू व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्या मलय बोलतात, मलय पद्धतीचं नेसतात, आणि गणपती-मारीअम्मनची पूजा करतात. मशिदीचा मिनार पॅगोड्यासारखा आहे.

साडेअकराला जेवा. मलाक्कात चिकन राइस मिळतो तो भाताचे गोळे वळून, आणि ही दुकानं दुपारनंतर आवरती घेतात. मला विचाराल तर त्यापेक्षा न्योन्या जेवणाला ही वेळ द्या. चिनी व्यापारी आणि स्थानिक बायका यांच्या घरांतून ही पाककृती आली. आयाम पोंगतेह मागवा, आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्श्यात गूळ घालून मंद शिजवलेलं कोंबडी-बटाटा. दुपारी एक ते चार घरात. हीरेन स्ट्रीटवर जुन्या बाबा-न्योन्या घराचं संग्रहालय आहे, आत थंड असतं.

संध्याकाळचा निर्णय एकच: असाम पेदास की पोर्तुगीज वस्ती. असाम पेदास म्हणजे चिंचेच्या आंबट-तिखट रश्श्यातला मासा, पहिल्या घासाला कोकणातलं कालवण आठवतं, फक्त यात भेंडी आणि आल्याच्या फुलाचा वास जास्तीचा. पाकट म्हणजे तिथलं 'इकान पारी' मिळालं तर तेच घ्या. पोर्तुगीज वस्ती शहराबाहेर उजोंग पासिरला समुद्राकाठी आहे. तिथली क्रिस्तांग मंडळी आजही पोर्तुगीजमधून उतरलेली बोली बोलतात. त्यांची 'देबाल' करी मोहरी आणि व्हिनेगर घालून केलेली झणझणीत असते. आणखी एक रात्र असेल तर दोन्ही करा.

ठेल्यावर मागवायचं कसं

ही रीत एकदा कळली की सगळ्या देशात चालते. हॉकर सेंटर किंवा कोपीतिअम म्हणजे एका छपराखाली अनेकांचे ठेले. आधी टेबल धरा आणि त्यावरचा नंबर लक्षात ठेवा. मग ठेल्यांवर फिरून मागवा, प्रत्येकाला टेबल नंबर सांगा. पदार्थ टेबलावर येतो आणि पैसे तेव्हाच द्यायचे. पेयं जागेच्या मालकाची असतात, त्याचा माणूस येऊन विचारतो. त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं, कारण बसायची जागा त्याची. गर्दी असेल तर अनोळखी माणसं तुमच्या टेबलावर बसतील. हसून जागा करून द्या.

कॉफीची भाषा शिकून घ्या. नुसतं 'कोपी' म्हटलं की आटवलेलं गोड दूध घालून येते. 'कोपी ओ' म्हणजे काळी आणि साखर. 'कोसोंग' जोडलं की बिनसाखरेची. थंड हवी तर क्वालालंपूरला 'आइस', पेनांगला 'पेंग'. चहाला 'तेह', फेसाळ ओढलेला हवा तर 'तेह तारिक'. आणि सगळ्यात उपयोगी दोन शब्द: 'कुरांग मानिस', साखर कमी. बरोबर मधुमेही असतील तर हे दोन शब्द कागदावर लिहून द्या. पार्सल हवं असेल तर 'बुंकुस'.

ठेला कसा निवडायचा? ज्याच्या पाटीवर एकच पदार्थ आहे तो. फोटोंचा मोठा फलक आणि चाळीस पदार्थ असलेला सोडा. स्थानिक बाई ऑफिसच्या कपड्यात, डबा हातात घेऊन रांगेत उभी असेल तर तुम्हीही उभे राहा.

क्वालालंपूर, थोडक्यात

मलाक्काहून बसने टीबीएस हे क्वालालंपूरचं बसस्थानक दोन तास, तिथून लोकलने शहरात. राहायला केएल सेंट्रल या मुख्य रेल्वे स्टेशनजवळचं ब्रिकफील्ड्स सोयीचं. पेनांगची गाडी इथूनच सुटते आणि केळीच्या पानावरचं तमिळ जेवण दाराशी मिळतं. जेवण आवडलं तर पान आपल्याकडे दुमडायचं अशी तिथली रीत.

सकाळी पहिल्या लोकलने बाटू केव्ह्जला, म्हणजे डोंगरातल्या गुहेतल्या देवळाला जा. केएल सेंट्रलहून थेट गाडी आहे, पण ती फार वारंवार नाही, परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. ४२.७ मीटरचा सोनेरी मुरुगन आणि २७२ पायऱ्या. गुडघे झाकलेले हवेत. आई-वडील बरोबर असतील तर त्यांना खालच्या देवळांत बसवा, पायऱ्या उभ्या आहेत. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून प्रसाद, फळं बॅगेच्या आत. शहरात परतून क्लांग आणि गोंबाक नद्यांच्या संगमावरची १९०९ ची जामेक मशीद बघा, पुढे चालत मर्देका चौक. दुपार उन्हाची, ती मॉलमध्ये घालवायला हरकत नाही. ४५२ मीटरचे पेट्रोनास मनोरे खालच्या बागेतून रात्री छान दिसतात. वर चढण्याचं तिकीट मी तरी वाचवीन.

जालान आलोर ही खाऊगल्ली प्रवाशांसाठीच झाली आहे. एक फेरी मारा आणि जेवायला कांपुंग बारूला जा. ही मलय वस्ती मनोऱ्यांच्या सावलीत आहे. इथला नासी लेमाक खा: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सांबाल म्हणजे मिरचीची चटणी, तळलेल्या छोट्या सुक्या मासळ्या, शेंगदाणे, काकडी, अंडं.

रेल्वे आणि फेरी

पेनांगला विमानाने जाऊ नका. केएल सेंट्रलहून बटरवर्थला ईटीएस ही वेगवान विजेची गाडी साडेचार तासांच्या आत-बाहेर पोहोचवते. तिकीट केटीएमबी या तिथल्या रेल्वेच्या ॲपवर काढा. शुक्रवार, रविवार आणि सुट्ट्यांच्या गाड्या लवकर भरतात. डब्यात एसी कडक असतो, शाल हाताशी ठेवा.

वेळ असेल तर वाटेत इपोहला उतरा आणि दुपारच्या गाडीने पुढे जा. स्टेशनच पाहण्यासारखं आहे, १९१७ चं, घुमटांचं. जुन्या पेठेत व्हाइट कॉफी प्या. मार्गरीन घालून भाजलेल्या बियांची ही कॉफी याच गावची. आणि मोडांबरोबर वाढलेलं उकडलेलं चिकन. इपोहच्या पाण्यामुळे इथले मोड जाड आणि करकरीत येतात असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.

बटरवर्थला स्टेशनातून पादचारी मार्गाने थेट फेरीच्या धक्क्यावर जाता येतं. तिकीट अगदी किरकोळ. पंधरा-वीस मिनिटांत समोरचं जॉर्ज टाउन जवळ येत जातं. या शहरात पुलावरून टॅक्सीने शिरण्यापेक्षा असं शिरा.

जॉर्ज टाउनचा दिवस

१७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बंदर वसवलं. राहायला वारसा हद्दीतल्या चुलिया स्ट्रीट, मुंतरी स्ट्रीट, आर्मेनियन स्ट्रीटच्या आसपासचं जुनं दुकानघर घ्या. तोंड अरुंद, आत खोलच खोल, मध्ये उघडा चौक. खोली घेताना जिना किती उभा आहे ते आधी विचारा, लिफ्ट बहुतेक नसते. हद्दीत मोफत कॅट बस फिरते.

उजाडताना: च्यू जेटी. समुद्रात खांबांवर उभी असलेली ही चिनी कुळाची वस्ती पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे इथे सूर्योदय दिसतो. बरेच लोक सूर्यास्ताला जातात आणि गर्दीत अडकतात. ही राहती घरं आहेत. खिडकीतून आत डोकावू नका आणि हळू बोला.

सात ते नऊ: न्याहारी. जालान ट्रान्सफरच्या फुटपाथवर रोटी चनाई, किंवा कोपीतिअममध्ये कोळशावर भाजलेला काया टोस्ट. काया म्हणजे अंडं, नारळाचं दूध आणि साखर यांचा मुरंबा. सोबत अर्धवट उकडलेली दोन अंडी, त्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. मग पेनांग रोडवरच्या चौरस्ता मार्केटात चक्कर.

नऊ ते साडेअकरा: मशीद कापितान केलिंग रस्ता सरळ चालत जा. १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिन या करुणेच्या देवीचं देऊळ, १८३३ चं मारीअम्मन देऊळ, आणि तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये स्थापलेली मशीद. पुढे कॅनन स्ट्रीटच्या बोळातून खू कोंगसी हे कुळाचं सभागृह. तिकीट आहे पण द्यावं असं आहे, छतावरचं कोरीव काम मान दुखेपर्यंत बघावं. आर्मेनियन स्ट्रीटवर २०१२ साली अर्नेस्ट झाखारेविच या चित्रकाराने भिंतीवर काढलेली सायकलवरची भावंडं आहेत. फोटोला रांग असते.

दुपार: बसने किंवा ग्रॅबने एअर इतामला. आधी असाम लाक्सा. याच्या रश्शाकडे मी जरा थांबून बघायला सांगेन, कारण यातलं निम्मं सामान आपल्या ओळखीचं आहे. मासा 'इकान केंबुंग', म्हणजे आपला बांगडा. तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्शात मिसळलेला असतो. आंबटपणाला चिंचेबरोबर 'असाम केपिंग'च्या सुकवलेल्या चकत्या, आणि हे फळ आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया कुळातलं. मग तांदळाच्या जाड गुळगुळीत नूडल्स, वर कच्चा कांदा, काकडी, अननस, पुदिना आणि आल्याच्या जातीच्या एका गुलाबी कळीचे बारीक काप. शेवटी चमच्यात काळा घट्ट 'हे को' देतात, कोळंबीचा. तो एकदम ढवळू नका. आधी तीन-चार घास साधे खा, मग चमचा बुडवा. आंबट रश्शात एकदम खारट-गोड खोली येते, ते दोन्ही अनुभवायला हवं.

तिथून केक लोक सी देऊळ जवळच. १९३० साली पूर्ण झालेल्या पॅगोड्याचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस ब्रह्मी आहे. वर क्वान यिनची ३०.२ मीटरची ब्राँझ मूर्ती, तिथवर छोटी लिफ्ट जाते. पेनांग हिलची १९२३ पासूनची केबल रेल्वेही याच बाजूला. डोंगर वेगळ्या सकाळी करा, दुपारी रांग मोठी असते आणि ढग उतरतात.

सहानंतर: न्यू लेन, किंबर्ली स्ट्रीट, चुलिया स्ट्रीट. गाड्या लागायला सुरुवात होते. 'चार क्वे तिओ', म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, जिथे कोळशावर करतात तिथे जा आणि कढईजवळ उभं राहून बघा. एका वेळी एकच थाळी. तापलेल्या लोखंडी कढईत चरबी, लसूण, मग तांदळाच्या पट्ट्या, सोया सॉसचा एक शिडकावा, तिखटाची चटणी. नूडल्स बाजूला सारून अंडं फोडतो, त्यावर कोळंबी, मोड, लसणाची पात, आणि अगदी शेवटी शिंपले, कारण ते जेमतेम गरम व्हायचे असतात. दीड-दोन मिनिटांत थाळी. दोन थाळ्या एकदम टाकणाऱ्याच्या कढईची आच पडते आणि नूडल्स ओल्या होतात, म्हणून रांग लांब असली तरी एकेकच करणाऱ्याकडे थांबा. ही चरबी डुकराची असते. चालत नसेल तर मलय ठेल्यावरचा हलाल प्रकार घ्या.

एक संध्याकाळ नासी कंदरला ठेवा. तमिळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्याला रस्से घेऊन बंदरावर विकत, तिथून हे जेवण आलं. रांगेत उभं राहायचं, भात घ्यायचा, बोट दाखवून मांस-मासा-भाजी सांगायची, आणि शेवटी 'बांजीर' म्हणायचं, म्हणजे दोन-चार रस्से एकत्र करून भातावर ओतले जातात. मोठी कोळंबी, माखूळ आणि माशाची गाबोळी यांचे दर बघता बघता बिल फुगवतात. वाढून घेण्याआधीच विचारा.

बीफ टाळणारे आणि शाकाहारी

हे शब्द फोनमध्ये लिहून ठेवा. 'दागिंग' म्हणजे मांस, पण फलकावर नुसतं दागिंग लिहिलं असेल तर ते बहुतेक बीफच. 'लेंबू' म्हणजे गाय-बैल. 'कांबिंग' मटण, 'आयाम' कोंबडी, 'इकान' मासा, 'उदांग' कोळंबी, 'सोतोंग' माखूळ, 'तेलूर' अंडं, 'बाबी' डुक्कर, 'सायुर' भाजी.

शाकाहाऱ्यांना खरा धोका न दिसणाऱ्या गोष्टींचा. पालेभाजीच्या परतणीतही 'बलाचान' ही कोळंबीची चटणी असते, सांबालमध्ये सुकी मासळी. म्हणून 'सायुर' मागून भागत नाही, 'ताक माऊ बलाचान, ताक माऊ उदांग, ताक माऊ इकान' असं म्हणा. 'ताक माऊ' म्हणजे 'नको'. रोटी चनाईबरोबर येणारा रस्सा माशाचा असू शकतो, डाळ हवी असं सांगून त्यात मांस नाही ना तेही विचारा. चेंडोल निर्धास्त खा.

रोज इडली-डोशावर राहायची गरज नाही. बौद्ध चिनी शाकाहारी खानावळी दोन्ही शहरांत आहेत, पाटीवर इंग्रजीतही 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं असतं. भात घेऊन वीस-पंचवीस पातेल्यांतून हवं ते वाढून घ्यायचं. कांदा-लसूणही बहुतेक ठिकाणी नसतो, त्यामुळे जैन मंडळींनाही विचारपूस करून जेवता येतं. मांसासारखं दिसणारं सोयाचं असतं, दचकू नका. चिनी महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपली अमावस्या-पौर्णिमा धरून, अनेक बौद्ध घरं शाकाहार पाळतात आणि या खानावळी भरलेल्या असतात. आणि शाकाहाऱ्याला पेनांगला जायचा सर्वांत चांगला काळ विचाराल तर नऊ सम्राट देवांचा उत्सव, चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. रस्तोरस्ती पिवळे झेंडे लावलेले शाकाहारी ठेले उभे राहतात आणि एरवी जे चाखता येत नाही त्यातलं बरंचसं बिनमांसाचं मिळतं. पावसाचे दिवस असतात, तरी जावं.

निघताना

शेवटची सकाळ चौरस्ता मार्केटला द्या. पेनांग जायफळासाठी प्रसिद्ध आहे. फळाच्या गराचं खारवलेलं आणि गोड लोणचं, सुकवलेले काप, जायफळाचं सरबत मिळतं. लोणची चाखून घेऊ देतात, बंद पाकिटातलीच घ्या. गुला मेलाका मलाक्कातच घेऊन ठेवलेला असावा, बांबूत ओतून केलेल्या दंडगोल वड्या तिथे ताज्या असतात. मुंगी लागू नये म्हणून डब्यात घाला. सरबताची बाटली हातातल्या बॅगेत चालणार नाही, चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवा. पेनांगहून क्वालालंपूरला विमानाने परतणार असाल तर पुढच्या विमानाला किमान तीन-चार तासांचं अंतर राखा. दोन्ही तिकिटं एकत्र काढलेली नसतील तर सामान काढून पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि कधी टर्मिनलही बदलावं लागतं.